वाचकांचे प्रश्न : मेणबत्ती, पेला आणि विज्ञानाचा तास

प्रश्न : मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो असून गेली दोन वर्षे एका खासगी क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. शाळेत शिक्षक व्हावे, असे मनात आहे, परंतु बी.एड. आणि भरतीची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे जातील, असे घरच्यांचे म्हणणे आहे. शिकवायचेच असेल तर क्लासमध्ये आणि शाळेत असा काय फरक आहे?
– एक वाचक, जिल्हा लातूर

उत्तर : आपल्या घरच्यांची काळजी अनाठायी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. बी.एड. २०१५पासून दोन वर्षांचे झाले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि तिच्या गुणांवर ‘पवित्र’ या शासनाच्या शिक्षकभरतीच्या पोर्टलमार्फत निवड, असा हा रस्ता आहे. आणि ही चाचणी २०१७ साली पहिल्यांदा झाल्यावर दुसऱ्यांदा व्हायला २०२३ साल उजाडले, हे लक्षात घेतले तर वाट पाहणे म्हणजे काय, याची कल्पना येईल. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. माध्यमिक शाळेत हे मानधन पूर्वी दरमहा ८,००० रुपये होते, ते २०२३पासून १८,००० रुपये झाले. क्लासमध्ये आपण आजच याहून अधिक मिळवत असाल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

फरक वेळेचा आहे. क्लासमध्ये मूल गुणांसाठी येते आणि तासाभरात त्याच्या हाती उत्तर पडावे, अशी त्याची व पालकांची रास्त अपेक्षा असते. शाळेत तेच मूल आपल्याकडे दोन-तीन वर्षे असते, सोमवारी खिडकीत लावून ठेवलेली परीक्षानळी गुरुवारी पाहायला वर्ग जागेवर असतो, आणि ज्यांना विज्ञानात काडीचाही रस नाही अशी मुलेही समोर बसलेली असतात. ही शेवटची मुले आपल्याला अडचण वाटतात की आपले खरे काम वाटतात, याचे उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे आणि मग बी.एड.चा अर्ज भरावा. खालचे पत्रही जरूर वाचावे.

प्रश्न : मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत सहा वर्षे विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात ताटलीत रंगीत पाणी घेऊन, मधोमध मेणबत्ती पेटवून तिच्यावर पेला पालथा घालण्याचा नेहमीचा प्रयोग केला. ज्योत विझली, पाणी पेल्यात चढले आणि ‘हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असे मी सांगितले. एका मुलाने विचारले, ‘मॅडम, दोन मेणबत्त्या लावल्या तर?’ आम्ही लावल्या, आणि पाणी आधीपेक्षा बरेच वर चढले. ‘मग ऑक्सिजन दुप्पट झाला का?’ या त्याच्या प्रश्नावर वर्ग हसला. मी ‘पुढच्या तासाला सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘तुम्ही प्रात्यक्षिकांच्या नादी लागता म्हणून असे होते, पोर्शन पूर्ण करा.’ आता वर्गासमोर कशी जाऊ?
– एक शिक्षिका, जिल्हा सातारा

उत्तर : त्या मुलाचे नाव हजेरीपटावर पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा, वर्षभर उपयोगी पडेल. आपण सांगितलेले स्पष्टीकरण चुकीचे आहे. मात्र त्याचा फार संकोच बाळगू नये, कारण मी स्वतः अकरा वर्षे तेच शिकवत होतो. एकदा सातवीतल्या एका मुलीने ‘सर, ज्योत जळत असताना पाणी चढतच नाही, विझल्यावर चढते’ असे म्हटले, तेव्हा मी तिला ‘नीट बघ’ म्हणून खाली बसवले. ती नीटच बघत होती. घरी जाऊन स्वयंपाकघरात पाच-सहा वेळा प्रयोग केला, तेव्हा कुठे ते माझ्या ध्यानात आले.

घडते ते असे. पेला ज्योतीवर आणताना त्यातली हवा तापून प्रसरण पावते आणि तिचा काही भाग काठाखालून बाहेर पडतो. पेला टेकवल्याबरोबर काठाशी बुडबुडे दिसतात, ते याचेच. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. दोन मेणबत्त्यांनी अधिक हवा तापते, अधिक हवा बाहेर जाते, म्हणून पाणीही अधिक चढते. ऑक्सिजन वापरला जातो हे खरे. पण ज्योत विझते तेव्हा तो संपलेला नसतो, त्यातला बराचसा शिल्लकच असतो. शिवाय मेण जळताना वापरलेल्या दर तीन भाग ऑक्सिजनमागे साधारण दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो. त्यामुळे जळण्यामुळे आकारमानात पडणारी घट थोडीच असते. पाणी एक पंचमांशाच्या आसपास चढले, तर तो बहुतांशी योगायोग होय, आणि याच योगायोगाने पिढ्यान्‌पिढ्यांची फसगत केली आहे.

पुढच्या तासाला हे सारे सांगून मोकळे होऊ नका. ‘मी सांगितलेले बरोबर नव्हते, आपण पुन्हा पाहू’ एवढेच म्हणून मेणबत्ती पुन्हा पेटवा आणि अर्ध्या वर्गाला काठाकडे, अर्ध्या वर्गाला पाण्याच्या पातळीकडे पाहायला सांगा. त्यानंतर पातळ काचेचा पेला गरम पाण्यात बुडवून बाहेर काढा, झटकून ताटलीतल्या पाण्यात पालथा घाला, मेणबत्तीशिवाय. पाणी थोडे का होईना, चढते. आत काहीच जळालेले नसताना ते का चढले, हे मुलांना शोधू द्या. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एवढे आरामात बसते, त्यामुळे पोर्शनचेही नुकसान नाही.

आपल्या सहकाऱ्यांशी वाद घालू नये. दहावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत आणि ते कसे दिले जातात हे शिक्षक जाणतात. त्यात त्यांच्यासारखी माणसे प्रयोगाला कंटाळली तर दोष एकट्या त्यांचा नाही. शिक्षकाला शंका विचारायला जागाच नसते, हे मूळ दुखणे आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांपासून प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात शिक्षकांच्या मासिक बैठका होत आणि वर्गात काय फसले, हे तिथे मोकळेपणाने बोलले जाई. मुलेही ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्रे लिहून प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे मिळत. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ साली तिथल्या शासनाने बंद केला. आपल्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांतले, चार-पाच विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत बसले, तरी पुष्कळ होईल. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही बोलवा; ते येऊन फक्त चहा प्यायले तरी चालेल.

हवेत ऑक्सिजन खरोखरच एक पंचमांश असतो, हे दाखवायचे असेल तर लोखंडाला गंजू द्यावे. लेथच्या कारखान्यात लोहकीस फुकट मिळतो, परंतु तो तेलकट असतो. साबणाच्या पाण्याने धुऊन थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवावा आणि पुन्हा धुवावा. भांडी घासायची तारेची घासणी वापरू नये, ती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि आठवडाभर वाट पाहूनही गंजत नाही (हेही अनुभवाचे बोल आहेत). परीक्षानळी आतून ओली करून तिच्या बंद टोकाशी कीस चिकटवावा, नळी चंचुपात्रातील पाण्यात उलटी उभी करावी आणि पाण्याची पातळी खुणेने नोंदवून ठेवावी. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या नळीत तीन-चार दिवसांत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर चढते आणि तिथेच थांबते. शेजारी कीस नसलेली दुसरी नळी तशीच उभी करावी, म्हणजे तो मुलगा ‘नुसत्या पाण्याने चढले नाही कशावरून?’ असे विचारील तेव्हा तिच्याकडे बोट दाखवता येईल.