पटल-प्रथिनांवर संशोधन करावे का?

आपले पत्र मिळाले. जैवरसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीला पेशीतील पटल-प्रथिनांवर (पेशीच्या मेदमय आवरणात बसलेल्या प्रथिनांवर) पीएच.डी. करायची आहे, परंतु प्रथिनांची रचना आता संगणकच सांगत असेल, तर त्यासाठी उमेदीची पाच-सहा वर्षे का द्यावीत, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे, कारण २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अशाच संगणकीय कामाला मिळाले.

तरीही रचना कळली म्हणजे कार्य कळले असे होत नाही. सोडियम-पोटॅशियम पंप हे प्रथिन एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा) एक रेणू खर्चून ३ सोडियम आयन पेशीबाहेर काढते आणि २ पोटॅशियम आयन आत घेते, आणि प्रत्येक फेरीत त्याचा आकार बदलतो. संगणकाने दिलेली रचना बहुधा यांतील एखादीच स्थिती दाखवते. एका स्थितीतून दुसरीत ते कसे व किती वेगाने जाते, भोवतालच्या मेदरेणूंचा त्यावर काय परिणाम होतो, हे प्रयोगानेच तपासावे लागते. उलट, चांगली रचना हाती आली की जुने कोडे कसे सुटते, हे पोटॅशियम वाहिनीत, म्हणजे पोटॅशियमचे आयन पटलातून जाऊ देणाऱ्या प्रथिनात, दिसते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असूनही ही वाहिनी त्याला अडवते. १९९८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने अशा एका वाहिनीची रचना उलगडली, तेव्हा तिच्या अरुंद भागातील ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमभोवतीच्या पाण्याची जागा नेमकी घेतात, लहान सोडियमला मात्र तेथे तसा आधार मिळत नाही, हे स्पष्ट झाले. माझ्या मते या विषयाची गोडी लागायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

गोडी आणि चिकाटी या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. ही प्रथिने मेदाच्या थरात रुतलेली असतात. डिटर्जंट वापरून ती बाहेर काढताना अनेकदा त्यांची घडी मोडते, गुठळ्या होतात आणि महिन्यांचे काम वाया जाते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तिने अशा प्रयोगशाळेत निदान दोन-तीन महिने काम करावे. नमुना तिसऱ्यांदा बिघडल्यावर तो का बिघडला हे शोधावेसे वाटते की तेथून पळावेसे वाटते, हे तिचे तिलाच कळेल.

मार्गदर्शक निवडताना तेथे केवळ रचना काढतात की आयनांचा प्रवाह, रेणूंची वाहतूक यांचे मापनही होते, हे तिने आवर्जून विचारावे, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी किती वर्षे लागली हेही. भौतिक रसायनशास्त्र पक्के करून थोडे प्रोग्रॅमिंग शिकावे, कारण प्रथिनांचे नमुने गोठवून पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या हजारो प्रतिमा शेवटी संगणकावरच हाताळाव्या लागतात. प्राध्यापकपदे मोजकीच असतात, हे मी लपवणार नाही. परंतु प्रचलित औषधांपैकी फार मोठा भाग पटल-प्रथिनांवरच काम करत असल्याने औषध-संशोधनात या कौशल्याला मागणी असते.