जामिनावर सुटून आलेल्या बाईसाठी बचत गटाने काय करावं?

ताई, तुमच्या गल्लीतली बाई दोन वर्षांनी कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून जामिनावर सुटून आली, कुणी तिच्याशी बोलत नाही, म्हणून गटातून तिला शिलाई मशीन घेऊन द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मशीन नंतर घ्या. आधी तिच्या कोर्टाच्या तारखा वाटून घ्या.

मी तासगाव तालुक्यातली. आमच्या गटातही अशीच एक आहे. ती आली तेव्हा आम्हीसुद्धा पैशाचाच विचार करत बसलो होतो. तारखेच्या आदल्या रात्री ती जेवत नाही, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. सांगलीला विजयनगरच्या कोर्टात जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, पुकारा झाला की उभं राहायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. मजुरी बुडते ती वेगळीच. एकदा तापाने पडून होती, वकिलाला निरोप गेला नाही, आणि वॉरंट निघालं. तेव्हापासून आम्ही अकरा जणींनी पाळ्या लावल्यात. जिची पाळी ती सोबत जाते, डबा दोघींचा नेते. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढं कुणालाही जमतं.

दर तारखेला वेगळ्या घरातली बाई तिच्याबरोबर स्टँडवर उभी दिसायला लागली, तशी द्राक्षाच्या विरळणीला जाणाऱ्या टोळीतल्या एकीने स्वतःहून विचारलं, "येतीस का आमच्यात?" आधी हीच टोळी तिला घ्यायला तयार नव्हती. आता हंगामात ती बेदाणा निवडायलाही शेडवर जाते.

एक काळजी मात्र घ्या. तिच्या जामिनाचा आदेश वकिलाकडून नीट समजून घ्या. कधी पोलीस ठाण्यात हजेरी असते, कधी ठरावीक हद्दीत जायची बंदी असते, आणि साक्षीदारांशी बोलायला तर बहुतेक वेळा मनाई असते. गल्लीतलीच कुणी साक्षीदार असेल तर तिला या कामापासून लांब ठेवा. आपण चांगल्या मनाने दोघींना हळदीकुंकवाला एकत्र बसवायचो आणि जामीन तिचा रद्द व्हायचा.

वकील परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. दोन वर्षं व्यवहार नसला की बँक खातं निष्क्रिय होतं, ते चालू करायला कुणीतरी सोबत जा. रेशनकार्डावर नाव आहे का तेही बघा.

मुलं आजीकडे असतील तर घाईने ओढून आणू नका. आमच्या तिचा मुलगा पहिले कित्येक दिवस तिला "आई" म्हणत नव्हता. ती रोज संध्याकाळी जाऊन नुसती त्याच्याजवळ बसायची. आम्ही मध्ये पडलो नाही, ते बरं झालं असं मला वाटतं.

"काय केलं होतंस?" हे कुणी विचारायचं नाही, असं बैठकीत आधीच ठरवून टाका. गल्लीतली माणसं फारच बोलायला लागली तर त्यांना आपल्याच जिल्ह्यातलं आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर सांगा. औंध संस्थानाने १९३९ साली तिथे खुली वसाहत काढली. शिक्षा लागलेले कैदी तिथे बायकोपोरांसकट राहून शेती करतात. शिक्षा झालेल्यांना एवढं मिळतं, आणि या बाईचा तर अजून निकालसुद्धा लागलेला नाही.

आमच्या तिचीही केस चालूच आहे. येत्या तारखेला माझी पाळी आहे. तुम्ही आज तिच्याकडे गेलात तर पुढची तारीख कधीची आहे, एवढंच विचारा.