किल -९ ला नोंदी टिकतात, लाइट गेली की जातात, असं का?

तुमची अडचण थोडक्यात: नागपुरातल्या कळमन्याच्या अडतीत काट्याला जोडलेला लिनक्स बोर्ड (छोटा संगणक), वजनाच्या नोंदी एममॅप केलेल्या, म्हणजे मेमरीत जोडून घेतलेल्या, फाइलमध्ये. किल -९ (प्रोग्राम तडकाफडकी मारणारी आज्ञा) मारूनही सगळं शाबूत, पण लाइट गेली की शेवटच्या नोंदी गायब. एकदा तर हेडर (फाइलच्या सुरुवातीचा भाग, त्यात नोंदींची मोजणी) म्हणतं ४१२ नोंदी आणि ४१२वी नुसती शून्यं.

किल -९ ची चाचणी इथे कामाची नाही. मेमकॉपीने नोंद मॅपमध्ये उतरली की ते पान पेज कॅशमध्ये (फाइलची रॅममधली प्रत) डर्टी होतं, म्हणजे बदललेलं पण डिस्कवर न गेलेलं, बस्स. प्रोसेस (चालू प्रोग्राम) मेली तरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत असतो, तो ते पान नंतर डिस्कवर लिहितो. लिनक्सच्या मूळ सेटिंगला हे 'नंतर' म्हणजे पान ३० सेकंद जुनं झाल्यावर. तेवढ्यात लाइट गेली की संपलं.

शून्यांचं कारण वेगळं आहे. आधी नोंद, मग हेडरमधली मोजणी हा क्रम तुमच्या कोडमध्ये आहे. डिस्कवर कोणतं पान आधी जाईल हे कर्नल ठरवतो. म्हणून नोंदीच्या पानांवर एमसिंक (मॅपमधली पानं डिस्कवर लिहायला लावणारा कॉल), ते यशस्वी झालं की मोजणी वाढवा, मग हेडरवर पुन्हा एमसिंक. फ्लॅग एमएस_सिंकच, एमएस_एसिंक लिनक्सवर २.६.१९ पासून काहीच करत नाही. एमसिंकला दिलेला मेमरीचा पत्ता पानाच्या सीमेवर हवा (बहुधा ४०९६च्या पटीत), नाहीतर ईइनव्हॅल ही चूक येते आणि कॉलने परत दिलेली किंमत न तपासणाऱ्याला ते कळतही नाही. ईआयओ (डिस्कवर लिहिताना चूक) आला तर तेच एमसिंक पुन्हा मारून समाधान मानू नका: कर्नलने पान क्लीन ठरवलेलं असू शकतं, दुसऱ्या वेळी खोटं यश मिळतं. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना २०१८ मध्ये एफसिंकबाबत (फाइल डिस्कवर उतरवणारा कॉल) हेच कळलं. आता ते अशा वेळी सरळ पॅनिक करतात, म्हणजे डेटाबेस तिथेच थांबवतात.

खरं तर मी एममॅपमधून लिहिणारच नाही. ६४ बाइटची नोंद, त्यात अनुक्रमांक आणि सीआरसी३२ (नोंद धड आहे का ते तपासायचा आकडा). पीराइटने (ठरलेल्या जागी लिहिणारा कॉल) फाइलच्या शेवटी जोडा, एफडेटासिंक करून डेटा डिस्कवर उतरवा, मगच पावती छापा. बोर्ड सुरू होताना सीआरसी जुळेल तिथवर वाचा, पुढचं छाटा. मॅप फक्त वाचायला. एलएमडीबी हा छोटा डेटाबेसही राइटमॅप (मॅपमधून लिहायचा पर्याय) न मागितल्यास असंच करतो, त्यामुळे भरकटलेला पॉइंटर डेटा नासवू शकत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरणार असाल तर वॉल मोडसोबत (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायची पद्धत) सिंक्रोनस ही सेटिंग फुल ठेवा. नॉर्मलवर फाइल बिघडत नाही, पण शेवटचे व्यवहार जाऊ शकतात.

मॅपवरच लिहायचं असेल तर एफट्रंकेटने नुसता फाइलचा आकार वाढवू नका, ती पोकळ राहते, डिस्कवर जागा मिळालेली नसते. कार्ड भरलं की ईएनओएसपीसी ('जागा नाही') ही चूक परत येत नाही, थेट सिगबस, म्हणजे प्रोग्राम पाडणारा सिग्नल. आधी पॉझिक्स_फॅलोकेटने जागा राखून ठेवा. फाइल नवीन असेल तर तिच्या डिरेक्टरीवरही एफसिंक.

चाचणी प्लग उपटून करा, रीबूटने नाही. एफडेटासिंक परतल्यावरच अनुक्रमांक नेटवर्कवरून दुसऱ्या लॅपटॉपला पाठवा, मध्येच वीज तोडा, सुरू झाल्यावर दोन्हीकडचे आकडे जुळवा. पन्नासेक वेळा. कोड वर सांगितल्यासारखा असूनही लॅपटॉपवरचा आकडा पुढे निघाला, तर मेमरी कार्डावर संशय घ्या. स्वस्त कार्डं लिहायच्या आधीच 'लिहिलं' म्हणतात.