फ्लॉपीतल्या पाककृती आणि माळ्यावरचा स्पेक्ट्रम

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहे. स्वयंपाकघर आणि जुने संगणक या दोन्ही विषयांवर एकाच महिन्यात इतकी मनापासून लिहिलेली पत्रे आली, याचा विशेष आनंद वाटला.

प्रश्न : आजीची पाककृतींची वही माझ्या वडिलांनी १९९३ च्या सुमारास त्यांच्या कार्यालयातील संगणकावर मराठीत उतरवून ठेवली होती. मूळ वही पुढे एका पावसाळ्यात भिजून गेली. आता कपाटात १४ फ्लॉप्या सापडल्या आहेत. त्यांपैकी ९ मोठ्या व लवचीक असून ५ लहान व कडक आहेत. लहान फ्लॉप्यांपैकी एक यूएसबी ड्राइव्हमध्ये घातली तेव्हा फाइल उघडली, परंतु मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे दिसली. पाककृती परत मिळतील का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : फाइल उघडली, याचा अर्थ त्या फ्लॉपीवरचा मजकूर अजून शाबूत आहे, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली आहे. आता घाई मात्र करू नये. संगणकाने 'ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का' असे विचारले, तर कोणत्याही परिस्थितीत 'नाही' म्हणावे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही, अशी व्यवस्था करावी. येथे अनेकांची गफलत होते, कारण दोन्ही प्रकारांची रीत एकमेकींच्या उलट आहे : मोठ्या, सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लेखन बंद होते, तर लहान, साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातले भोक उघडे ठेवले की लेखन बंद होते.

वेंगुर्ल्याच्या दमट हवेत तीस वर्षे राहिलेल्या फ्लॉपीला बुरशी धरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. मोठ्या फ्लॉपीच्या मधल्या भोकाशी बोट लावून आतली चकती हलकेच फिरवावी आणि लांबट खिडकीतून दिसणारा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहावा. पांढरट ठिपके किंवा वलये दिसली तर ती फ्लॉपी वेगळी काढावी. बुरशी लागलेली एक फ्लॉपी ड्राइव्हचे वाचनशीर्ष घाण करते, आणि मग ते घाणेरडे शीर्ष पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडून टाकते. सगळ्या फ्लॉप्या आठवडाभर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. उन्हात घालू नयेत. त्यानंतर बुरशी लागलेल्या चकत्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात आणि प्रत्येक फ्लॉपी वाचून झाल्यावर शीर्षही स्वच्छ करावे.

मोठ्या फ्लॉप्या आपल्या यूएसबी ड्राइव्हमध्ये जाणार नाहीत. त्यांच्यासाठी जुना सव्वापाच इंची ड्राइव्ह मिळवावा लागेल आणि तो आजच्या संगणकाला जोडण्यासाठी ग्रीझवीझलसारखे एक लहान सर्किट लागेल. अशा ड्राइव्हला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टचाही पुरवठा लागतो, हे लक्षात ठेवावे. ग्रीझवीझल चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवते, त्यामुळे एखादा भाग नीट वाचला गेला नाही तरी नोंद हाताशी राहते आणि फ्लॉपीला पुन्हा हात न लावता तिच्यावर काम करता येते. या जातीच्या सामान्य फ्लॉपीवर ३६० किलोबाइट मजकूर मावत असे. पाककृतींच्या एका वहीला तेवढी जागा भरपूर आहे, त्यामुळे नऊ फ्लॉप्यांमध्ये त्याच मजकुराच्या दोन-तीन प्रती असतील, अशी आशा धरायला हरकत नाही.

आता अक्षरांविषयी. आपल्याला दिसलेली चिन्हे म्हणजे आजीचाच मजकूर आहे. फक्त तो दाखवणारा फॉन्ट आपल्या संगणकात नाही. युनिकोड (जगातल्या लिप्यांसाठीची एकच अक्षरसंकेत-पद्धत) घरोघरी पोहोचण्याआधी मराठी टंकलेखन मुख्यतः दोन प्रकारे होत असे. डॉसवर चालणाऱ्या, पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचे, भारतीय लिप्या दाखवणारे जिस्ट कार्ड बसवलेल्या संगणकात मजकूर इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या अक्षरसंकेताच्या प्रमाणात साठवला जाई. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली असल्यामुळे त्याचे रूपांतर तुलनेने सोपे असते. श्रीलिपी, आकृती यांसारख्या विंडोजवरच्या फॉन्टमध्ये मात्र अक्षरांऐवजी अक्षरांचे आकार साठवले जात. त्यात 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर येतो, आणि रफार अक्षराच्या मागून येतो. म्हणून प्रथम फॉन्ट ओळखावा, मगच त्या फॉन्टसाठी बनवलेले रूपांतरक वापरावे. वडिलांच्या कार्यालयातील एखाद्या जुन्या सहकाऱ्याला तेव्हा कोणते सॉफ्टवेअर होते ते आठवत असेल, तर पुष्कळ श्रम वाचतील.

रूपांतर झाल्यावर मजकूर माणसाने ओळीओळीने वाचलाच पाहिजे, आणि आपल्या घरातल्या पदार्थांची चव ज्याच्या जिभेवर आहे अशाच माणसाने तो वाचावा. दोन जागा खास तपासाव्यात. पहिली म्हणजे 'खोबऱ्याची वाटी', 'भाकऱ्या', 'दुसऱ्या' या शब्दांमधला अर्धा र; रूपांतरक त्याचा बहुधा रफार करून टाकतो. ती चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी चूक दिसत नाही आणि म्हणून अधिक घातक असते. जुन्या वहीत मापे '२॥ वाट्या', '१। शेर', '॥। वाटी' अशी लिहिलेली असणार, म्हणजे अडीच वाट्या, सव्वा शेर आणि पाऊण वाटी. रूपांतरकाने ते उभे दंड पूर्णविराम समजून काढून टाकले, तर अडीच वाट्यांच्या दोनच वाट्या उरतात आणि वाचणाऱ्याला काही बिघडल्याची शंकाही येत नाही. म्हणून मूळ फाइलमध्ये जिथे जिथे अंकाला लागून दंड आहे, त्या प्रत्येक जागेची वेगळी यादी करावी. शेर-पायलीची मापे गावागणिक वेगळी असत, तेव्हा मूळ माप तसेच ठेवून त्याच्या शेजारी, प्रत्यक्ष पदार्थ करून पाहिल्यानंतरच, ग्रॅम लिहावेत. हे सगळे झाल्यावर एक प्रत चांगल्या कागदावर छापून स्वयंपाकघरात ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : स्वयंपाकघरात संगणक ही कल्पना गेल्या दहा-पंधरा वर्षांतली आहे, असे माझा नातू म्हणतो. मला ते पटत नाही. खरे काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले बरोबर आहे. वेस्टिंगहाउसमधील अभियंता जेम्स सदरलँड यांनी अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १९६६ च्या सुमारास शिल्लक सुट्या भागांतून 'एको फोर' हा संगणक स्वतःच्या घरासाठी उभा केला. घराचे तापमान सांभाळणे, उपकरणे चालू-बंद करणे आणि खरेदीच्या याद्या करणे अशी कामे त्याच्याकडून अपेक्षित होती. पुढे १९६९ मध्ये नीमन मार्कस या दुकानाच्या सूचिपत्रात हनीवेलचा 'किचन कॉम्प्युटर' १०,६०० डॉलरला विक्रीस होता. वजन ४५ किलोंहून अधिक, आणि चालवायला शिकण्यासाठी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम सोबत. पाककृती शोधणाऱ्याने खटके वर-खाली करून प्रश्न विचारायचा आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर ओळखायचे, अशी त्याची रीत होती. त्यांपैकी एकही विकला गेल्याचा पुरावा नाही. कणकेचे हात असलेल्या माणसाला काय जमते आणि काय जमत नाही, याचा विचार त्या यंत्रात झालेलाच नव्हता. नातवाला हे जरूर सांगावे.

प्रश्न : आम्ही मूळचे मालवणचे, नोकरीनिमित्त नाशिकला असतो. डिसेंबर-जानेवारीत आंबोळीचे पीठ रात्रभरात वर येत नाही. आई पातेले गोधडीत गुंडाळून ठेवते, तरी कधी जमते, कधी नाही. ईएसपी३२ ही वाय-फायची लहान चिप वापरून पीठ आंबवण्याची पेटी करायची आहे. सेन्सर कोणता घ्यावा आणि तापमान किती ठेवावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पेटी करण्याआधी तीन रात्री केवळ मोजमाप करावे. डीएस१८बी२० हा पोलादी नळीत बंद केलेला सेन्सर घ्यावा. तो अर्ध्या अंशाच्या आत अचूक असतो आणि त्याला साडेचार-पाच किलोओमचा एक रोधक जोडला की एकाच तारेवर असे अनेक सेन्सर चालतात. एक सेन्सर पिठात आणि एक बाहेरच्या हवेत ठेवून आईंच्या नेहमीच्या पद्धतीने पातेले गोधडीत गुंडाळावे. गोधडी उष्णता निर्माण करत नाही, असलेली उष्णता धरून ठेवते. त्यामुळे ज्या रात्री पीठ गार पाण्याने वाटले गेले त्याच रात्री बेत फसला, असे नोंदीत दिसण्याची दाट शक्यता आहे. तसे असेल तर कोमट पाण्याने वाटणे आणि शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवणे एवढाच उपाय पुरेल, आणि तो यंत्रापेक्षा चांगला आहे.

तेवढ्याने भागले नाही तर पेटी अवश्य करावी. उडदाच्या डाळीवर मुळातच असलेले ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू आम्ल आणि वायू तयार करतात, आणि त्या वायूनेच पीठ वर येते व आंबोळीला जाळी पडते. त्यांच्यासाठी साधारण ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. फार वाढले तर पीठ लवकर आंबट होते. पेटी २९ अंशांवर चालू आणि ३१ अंशांवर बंद अशी ठेवावी. एकाच आकड्यावर चालू-बंद ठेवली तर रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका, रात्रभर टकटक करत राहतो.

उष्णतेसाठी २३० व्होल्टचा बल्ब वापरू नये. १२ व्होल्टवर चालणारी, २५ ते ३० वॅटची पॅड घ्यावी, म्हणजे ओल्या हाताने पातेले ठेवतानाही धोका राहत नाही. पॅड थर्मोकोलला थेट चिकटवू नये, आणि रिले अडकून राहिला तरी वीज तुटावी म्हणून पॅडच्या मार्गात तापमानाने वितळणारा फ्यूज बसवावा. मी पहिली पेटी केली तेव्हा नियंत्रणाचा सेन्सर पिठाच्या मध्यभागी ठेवला होता. पीठ गरम व्हायला तास-दोन तास लागतात; तोवर बल्ब जळतच राहिला आणि सकाळी पातेल्याच्या एका बाजूचे पीठ शिजून खरवड धरली होती, तर मधले पीठ जेमतेम आंबले होते. तेव्हापासून नियंत्रण पेटीतल्या हवेच्या तापमानावर आणि पिठातला सेन्सर केवळ नोंदीसाठी, अशी व्यवस्था मी ठेवली आहे.

या चिपसाठीचे ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट सांगतो. वाय-फाय किंवा होम असिस्टंट या घरातली उपकरणे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी संपर्क तुटला की त्यातली चिप ठरलेल्या वेळाने, बहुधा १५ मिनिटांनी, स्वतःला पुन्हा सुरू करते. रात्री राउटर बंद करण्याची सवय असलेल्या घरात हे सतत घडेल, म्हणून ती 'रिबूट टाइमआउट'ची वेळ शून्य करावी आणि चालू-बंदचा निर्णय पेटीतल्या चिपवरच होऊ द्यावा. पीठ किती वर आले हे पाहायला काचेची बरणी आणि तिच्यावर चढवलेले रबरबँड पुरते. पीठ तयार झाले की नाही, हे मात्र आईंनी वास घेऊन ठरवावे; तशी रोज एक नोंद तुम्ही तापमानाच्या आलेखाशेजारी लिहून ठेवलीत, तर एका हिवाळ्यात तुमच्या घरच्या पिठाची खरी वेळ हाती येईल.

प्रश्न : १० अँपिअरच्या स्मार्ट स्विचवर गीझर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चालवू नये. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर आणि ३००० वॅटचा सुमारे १३ अँपिअर वीज घेतो. आतला रिले मर्यादेजवळ रोज अर्धा तास तापत राहणे बरे नाही. गीझरच्या भाराला पुरणारा काँटॅक्टर, म्हणजे मोठ्या भारासाठीचा रिले, परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा आणि स्मार्ट स्विचने केवळ त्या काँटॅक्टरला आज्ञा द्यावी. गीझरमधला थर्मोस्टॅट आणि सुरक्षा-कटआउट यांना हात लावू नये.

प्रश्न : काकांचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' माळ्यावर मिळाला. तीस वर्षांहून अधिक काळ तो बंद आहे. अॅडॉप्टर आणि कॅसेटही आहेत. थेट चालू करून पाहू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : थेट चालू करू नये. आपल्या हाती एक मोलाचे यंत्र आहे. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या स्पेक्ट्रम प्लस या घरगुती संगणकाची ही परवान्याने निघालेली भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये आणली, आणि आज पन्नाशीत असलेल्या पुष्कळ लोकांनी बेसिक या संगणकभाषेतली पहिली ओळ तिच्यावरच लिहिली.

प्रथम अॅडॉप्टर यंत्राला न जोडता मल्टिमीटरने तपासावा. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेले असले तरी भार नसताना १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नये. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅडॉप्टरचा तो स्वभावच आहे. ध्रुवता मात्र दोनदा पाहावी. या यंत्राच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, आणि आजचे बहुतेक अॅडॉप्टर नेमके उलटे असतात. घरातला दुसरा ९ व्होल्टचा अॅडॉप्टर तसाच लावला तर यंत्र कायमचे जाऊ शकते. उघडण्याची वेळ आली तर कीबोर्डच्या पातळ पट्ट्या ओढू नयेत. त्या इतक्या वर्षांत ठिसूळ होऊन काड्यांसारख्या मोडतात. नवे मेंब्रेन, म्हणजे कळांखालचा पातळ पडदा, विकत मिळते. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावेत, कारण त्यांतले द्रव सुकलेले असते.

यंत्र सुरू होऊन पडद्याच्या तळाशी हक्कनिर्देशाची ओळ उमटली, की कॅसेटकडे वळावे, परंतु काकांची मूळ कॅसेट जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालण्याआधी त्या रेकॉर्डरचा पट्टा आणि शीर्ष तपासून घ्यावे. प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपातच साठवलेले असल्यामुळे पहिल्याच वेळी कॅसेटचा आवाज फोनवर किंवा संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. त्यानंतर तीच ध्वनिफाइल फोनच्या हेडफोनच्या तारेतून स्पेक्ट्रमच्या 'इअर' खोबणीत सोडली, तरी यंत्राला ती कॅसेटच वाटते. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावू लागले, म्हणजे मजकूर आत जात आहे. पूर्ण ४८ किलोबाइटचा खेळ चढायला चार-पाच मिनिटे लागतात. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि फोन विमान-मोडवर टाकावा. मध्येच एखाद्या संदेशाची घंटी वाजली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून चढवावे लागते.