ॲम्प्लिफायरसाठी महागडी पॉवर कॉर्ड आणि कंडिशनर घ्यावा का?

कॉर्डवर पैसे घालवू नका. भिंतीच्या आत वीज कितीतरी मीटर साध्या तारेतूनच येते. पुढच्या दीड मीटरने आवाज काय बदलणार? कॉर्ड ॲम्प्लिफायरच्या अँपिअरला पुरेल इतकी जाड, अर्थिंगची पिन असलेली आणि सॉकेटमध्ये घट्ट बसणारी असली की झालं.

कंडिशनरचं थोडं वेगळं. तो विजेच्या लाइनमधला नॉइज (नको असलेले विद्युत अडथळे) गाळतो, बरेचसे सर्जपासूनही (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून) वाचवतात. पण व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझरच लागतो. स्पीकरमधून सतत घूंऽऽ येतंय? आधी इनपुटच्या वायरी काढून बघा. थांबलं तर बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेलीत. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. त्यासाठी अर्थिंगची पिन मात्र काढू नका, जिवावर बेतेल.