टब लाल झालाय, रोग आहे का?

प्रश्न : आमच्याकडे सहाव्या मजल्यावर बाल्कनीत मोठा टब आहे, त्यात वॉटरलिली आणि सात-आठ गप्पी मासे. लिली नर्सरीतून आणली तेव्हा कुंडीला काहीतरी बारीक हिरवं चिकटून आलं होतं, मी लक्ष दिलं नाही, तर पंधरा दिवसांत निम्मा टब भरला. सासूबाई म्हणतात शेवाळ आहे, सोसायटीतले काका म्हणतात जलपर्णी आहे, सगळं काढून फेका, आणि मोबाइलच्या अ‍ॅपने एकदा मॉस सांगितलं, एकदा डकवीड. आता ते लाल पडायला लागलंय. फोटो पाठवतेय. - एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, फोटो छान आलाय पण वरून काढलाय, आणि सगळा घोळ तिथेच होतो. अ‍ॅप बिचारं जे दिसतं तेवढ्यावरच बोलणार. एक काम करा, पांढऱ्या बशीत पाणी घ्या, चमच्याने दोन-तीन रोपं अलगद त्यात सोडा आणि भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा.

फोटोवरून मला हा अझोला वाटतोय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा नेचा (फर्न). आपल्याकडे जास्त करून अझोला पिनाटा सापडतो. एकेक रोप नखाएवढं, साधारण तिकोनी, मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी फांद्या, आणि त्या फांद्यांवर इवलीशी पानं कौलं रचल्यासारखी एकावर एक बसलेली. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात, वरचा हिरवा आणि जाडसर, खालचा पातळ, जवळजवळ पारदर्शक, तो पाण्याला टेकलेला. आता रोप उलटं करा. खाली मुळं लोंबत असतील आणि त्या मुळांना दोन्हीकडून बारीक केस फुटलेले असतील, अगदी पिसासारखे, तर पिनाटाच समजा, मला स्वतःला हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते. रोप बोटाने पाण्यात दाबून सोडून बघा, टुणकन वर येतं आणि वरून कोरडंच असतं, पोरांना हा खेळ फार आवडतो.

बाकीचे उमेदवार पटकन निकालात काढू. डकवीड म्हणजे सपाट गुळगुळीत टिकली, खवले नाहीत, खाली एकच साधं मूळ, आणि ते फुलझाड आहे, नेचा नाहीच. जलपर्णीला फुगीर देठ आणि जांभळी फुलं येतात, काकांना सांगा ती इतकी लहान नसते. शेवाळाला पान-मूळ असं काही नसतंच. एक साल्विनिया मात्र खरंच अझोल्याचा नातेवाईक, पण त्याची पानं मोठी, जोडीजोडीने तरंगणारी आणि वर केसाळ. त्याची गंमत म्हणजे त्याला मूळच नसतं, खाली जे झुबकेदार लोंबतं ते तिसरं पान असतं! त्यातला ब्राझीलहून आलेला साल्विनिया मोलेस्टा फार डोक्याला ताप, त्याच्या पानावरचे केस टोकाला परत जुळलेले असतात, अंडं फेटायच्या व्हिस्कसारखे.

लाल रंगाचं म्हणाल तर रोग नाही. कडक ऊन, थंडी किंवा पाण्यात फॉस्फरस कमी पडला की अझोला अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य बनवतो. तुमच्या टबावर दुपारचं ऊन थेट येत असेल तर दोन तास आडोसा करून बघा, नवीन फुटवे हिरवे येतील.

फेकू मात्र नका हो. याच्या पानातल्या पोकळीत निळं-हिरवं शेवाळ राहतं (सासूबाई अगदीच चुकल्या नाहीत म्हणायच्या) आणि ते हवेतला नायट्रोजन धरतं, म्हणून तर भातखाचरात शेतकरी मुद्दाम अझोला सोडतात, गुरांनाही घालतात. तुम्ही दर रविवारी निम्मा काढा आणि कुंड्यांच्या मातीत मिसळा, पूर्ण टब झाकला गेला तर खाली उजेड आणि ऑक्सिजन कमी पडून गप्पी मरतील. आणि जास्त झाला म्हणून उपवनला किंवा मासुंदा तलावात नेऊन सोडू नका, तुटलेल्या एका तुकड्यापासूनही तो वाढतो.

प्रश्न : येऊरच्या पायथ्याला डबक्याच्या कडेला चार पानांचं क्लोव्हर मिळालं. लकी म्हणून पाकिटात ठेवलंय. खरंच दुर्मीळ असतं का? - एक कॉलेजकुमार, वागळे इस्टेट

उत्तर : परत जाऊन बघ, तिथे सगळीच चार पानांची असतील. हा मार्सिलिया, तोही नेचाच. क्लोव्हरसारख्या दिसणाऱ्या आंबुशीला तीन पानं असतात आणि चावली की आंबट लागतात, याला चार, एकाच टोकाला जुळलेली. कोवळं पान जिलबीसारखं गुंडाळलेलं दिसेल, ती नेच्याची खूण (अझोल्यात हे दिसत नाही). पाणी आटलं की देठाच्या बुडाशी चिखल खरवडून बघ, वालाच्या दाण्यासारख्या छोट्या टणक तपकिरी गाठी मिळतील, बीजाणू (ज्यांच्यापासून नेचा उगवतो ते बारीक कण) त्यातच असतात आणि कोरड्यात वर्षानुवर्षं टिकतात. पाकिटात ठेवायचंच तर त्यातली एक ठेव.