वृद्धापकाळी इम्युनोथेरपीचा उपयोग होतो का?

कोल्हापुरातील आपल्या ७२ वर्षांच्या वडिलांना केवळ वयामुळे इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला मदत करणारा उपचार, निरुपयोगी ठरेल का, असे आपण विचारले आहे. तसे मुळीच नाही. तारुण्यानंतर छातीतील थायमस ग्रंथी आक्रसत जाते, नव्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) कमी तयार होतात आणि काही जुन्या पेशी विभाजन थांबवूनही दाह वाढवणारी द्रव्ये स्रवत राहतात, ज्यांचा फायदा कर्करोगाच्या गाठीला होऊ शकतो. मात्र वृद्ध पेशी वेगळी आणि कर्करोगाशी झुंजून थकलेली पेशी वेगळी, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पीडी-१ (टी-पेशींना आवर घालणारे त्यांच्यावरील प्रथिन) रोखणारी औषधे थकलेल्या पेशींवरील हा लगाम सैल करतात, म्हणून अनेक वयस्कर रुग्णांनाही त्यांचा लाभ होतो. आमवातासारखा (रुमेटॉइड संधिवात) स्वप्रतिरक्षा विकार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते असा आजार, पूर्वी झाला असल्यास डॉक्टरांना आधीच अवश्य सांगावे.